न्यूनगंड आणि भिडस्तपणा

मराठी साहित्याच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य आम्हांला वर्षानुवर्षे भेटत आले आहे : ‘या पात्राच्या वागण्याच्या मुळाशी न्यूनगंड आहे.’ कादंबरी कोणतीही असो, नायक शेतकरी असो वा प्राध्यापक, निदान तेच. विद्यार्थ्यांना दोष देण्याआधी कबूल केले पाहिजे की, हे वाक्य आमच्याच टिपणांतून त्यांच्याकडे गेले आहे. ‘मानसशास्त्रीय समीक्षा’ शिकवताना फ्रॉइडचे इदम्, अहम्, पराहम्, युंगचे अंतर्मुख-बहिर्मुख आणि ॲडलरचा न्यूनगंड आम्ही एका दमात सांगत आलो. हे तिघे एकमेकांपासून का दुरावले, हे मात्र सांगायचे राहून गेले.

वस्तुतः व्यक्तिमत्त्वाचा प्रत्येक सिद्धान्त माणसाविषयी वेगळा प्रश्न विचारतो. या कृतीमागे कोणती दडपलेली इच्छा आहे, असे फ्रॉइड विचारतो. हा माणूस कोणत्या उणिवेवर मात करून कोठे पोहोचू पाहतो, असे ॲडलर विचारतो. १९११ साली ॲडलर फ्रॉइडच्या मंडळातून बाहेर पडला, तो अशा मूलभूत मतभेदांमुळेच. प्रश्न गाळून केवळ संज्ञा उचलली की तिचे लेबल होते.

आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणलेले ‘हॅम्लेट’ घ्या. फ्रॉइडने १९०० सालच्या आपल्या स्वप्नमीमांसेच्या ग्रंथात या नाटकाविषयी लिहिले आहे. त्याचे निरीक्षण नेमके आहे. पडद्याआडच्या पोलोनियसला क्षणात भोसकणारा, दोन दरबाऱ्यांना मृत्यूच्या दारी धाडताना न कचरणारा हॅम्लेट एकाच कृत्यापाशी का अडतो? फ्रॉइडचे उत्तर पटो वा न पटो, प्रश्न संहितेच्या वाचनातून आलेला आहे. आमच्या टिपणांत उत्तर तेवढे उरले आणि वाचन गळाले.

येथे एक प्रसंग आठवतो. १९२० साली गॉर्डन ऑलपोर्ट हा बावीस वर्षांचा अमेरिकन तरुण व्हिएन्नात फ्रॉइडला भेटावयास गेला. फ्रॉइड काहीच बोलेना. ती शांतता असह्य होऊन ऑलपोर्टने ट्राममध्ये पाहिलेल्या, घाणीला कमालीच्या घाबरणाऱ्या एका लहान मुलाची हकीकत सांगितली. ती ऐकून फ्रॉइडने विचारले, तो मुलगा म्हणजे तुम्हीच का? ऑलपोर्ट अवाक झाला. मनाच्या तळाशी जाण्याच्या घाईत वर उघड दिसणारे हेतू नजरेआड होऊ शकतात, असा बोध त्याने यातून घेतला.

पुढे १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी जे केले, ते आम्हां भाषेच्या माणसांना विशेष जवळचे वाटावे. त्यांनी इंग्रजीचा बृहद्कोश उघडला आणि माणसाच्या वागण्याचे वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेगळे काढले. त्यांतील सुमारे ४,५०० शब्द त्यांना टिकाऊ स्वभावविशेष सांगणारे वाटले. कॅटेलने आणि त्यानंतरच्या संशोधकांनी संख्याशास्त्राच्या साहाय्याने अशा शब्दांचे गट पाडले. आज सर्वत्र अभ्यासली जाणारी पाच घटकांची मांडणी या वाटेने आली आहे. म्हणजे आम्ही मानसशास्त्राच्या दारी संज्ञा मागत उभे असताना मानसशास्त्रज्ञ शब्दकोश चाळत होते!

या मांडणीलाही मर्यादा आहेत. १९६८ साली वॉल्टर मिशेलने दाखवून दिले की, स्वभावविशेषाच्या मोजमापावरून एखाद्या विशिष्ट प्रसंगातील वर्तनाचा अंदाज फारसा बांधता येत नाही. पुढे १९९५ साली त्याने आणि शोडाने असे मांडले की, माणसाची ओळख ‘अमुक प्रसंग असेल तर तो तमुक वागतो’ अशा आकृतिबंधात असते.

आता मराठीतला ‘भिडस्त’ हा शब्द पाहा. भीड नेहमी कोणाची तरी असते. एकांतात कोणी भिडस्त नसतो. सासरी भिडस्त वाटणारी मुलगी माहेरी तशी असेलच असे नाही. स्वभाव आणि प्रसंग ही दोन्ही अंगे या एका शब्दात नांदतात. ‘न्यूनगंड’ म्हटले की त्या मुलीसमोरची माणसे पुसली जातात. ‘भिडस्त’ म्हटले की ‘कोणापुढे?’ हा प्रश्न विचारावाच लागतो. ‘हेकट’, ‘सालस’, ‘कोडगा’, ‘आतल्या गाठीचा’ या शब्दांकडेही असेच थांबून पाहता येईल.

मनोविश्लेषण वर्गाबाहेर काढावे, असे आमचे म्हणणे नाही. अबोध मनाचा विचार वगळला तर आधुनिक साहित्याचा मोठा भाग कळणारच नाही. आमचा आग्रह क्रमापुरता आहे. विद्यार्थ्याने आधी पात्राच्या स्वभावासाठी आपल्या भाषेतला नेमका शब्द शोधावा. मग ते पात्र त्या शब्दाच्या विरुद्ध वागते, असा एक तरी प्रसंग संहितेतून दाखवावा. त्या विसंगतीपाशी जो प्रश्न उभा राहील, त्यासाठी फ्रॉइड, ॲडलर वा मिशेल यांच्याकडे अवश्य जावे. टिपणे आम्ही दिली होती. ती बदलण्याची सुरुवातही आम्हांलाच करावी लागेल.