किती परवाने निलंबित केलेत, तेवढं सांगा

मा. पोलीस आयुक्त, पुणे शहर
आणि मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी, पुणे

महोदय,

प्रास्ताविकात वेळ घालवत नाही. गाडी चालवताना मोबाईल वापरणाऱ्यांना आवरा, ही पुणेकरांची मागणी तुम्हा दोघांनाही नवी नाही. वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांतून ती वर्षानुवर्षं होते आहे. उत्तरादाखल आम्हाला जनजागृती मिळते. चौकात फलक लागतात, शाळकरी मुलांच्या हातात घोषणा दिल्या जातात, नियम मोडणाऱ्याला गुलाबाचं फूल दिलं जातं. फूल घेऊन तो माणूस पुढच्या सिग्नलला पुन्हा फोन काढतो. त्याला माहीत आहे की त्याचं काहीही जात नाही.

त्याचा जायला हवा तो परवाना. आणि हे मी सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. के. एस. राधाकृष्णन समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये सगळ्या राज्यांना कळवलं होतं की गाडी चालवताना मोबाईल वापरणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करा. दारू पिऊन गाडी चालवणं, लाल सिग्नल तोडणं, बेफाम वेग यांच्याच रांगेत समितीने मोबाईल बसवला होता. त्यानंतर २०१९ मध्ये मोटार वाहन कायदाच बदलला. कलम १८४ मध्ये हातात मोबाईल धरून गाडी चालवणं हे ‘धोकादायक वाहन चालवणं’ ठरलं. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडला तर १०,००० रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कलम २०६ तर स्पष्टच आहे. अशा चालकाचा परवाना पोलिसांनी ताब्यात घ्यायचा आणि निलंबनासाठी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवायचा. म्हणजे आयुक्तालयातून कागद निघायचा आणि संगम पुलाजवळच्या आरटीओत पोचायचा. मग पुण्यात गेल्या पाच वर्षांत असे किती कागद निघाले, किती पोचले आणि किती परवाने खरोखर तीन महिने बंद राहिले?

ई-चलानांचे आकडे कृपया पुढे करू नका. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, चालक ओळखत नाही. गाडी वडिलांच्या नावावर, फोनवर बोलत चालवतो मुलगा आणि दंडाचा मेसेज येतो वडिलांना. मुलाच्या परवान्याला धक्काही लागत नाही. गुन्हा गाडीच्या नावावर चढत असेल, तर चालकाचा हा पहिला की दुसरा हे मोजायचं कसं? कायद्याने दुसऱ्या वेळेसाठी राखून ठेवलेली कडक शिक्षा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. थकलेला दंड लोकअदालतीची वाट पाहत पडून राहतो.

रस्त्यावर काय चाललंय ते कर्वे रस्त्यावर सकाळी अर्धा तास उभं राहिलं की दिसतं. तोंडाला स्कार्फ, स्कार्फच्या घडीत कानाशी खोचलेला मोबाईल, पुढे पायापाशी आरशाच्या दांड्या धरून उभं असलेलं चार-पाच वर्षांचं पोर. हेल्मेट घातलं असेल तर फोन हेल्मेटच्या आत कोंबलेला. तेही नसेल तर मान वाकडी करून खांद्यावर दाबलेला, आणि त्याच अवस्थेत उजवीकडे वळणं. हिंजवडीच्या रस्त्यावर चारचाकीत ऑफिसची मीटिंग सुरू असते. घरपोच सामान देणारी मुलं हँडलवरच्या स्क्रीनवर पुढची ऑर्डर बोटाने स्वीकारत गाडी दामटतात. त्या मुलांवर मी सगळा दोष टाकणार नाही. चालत्या गाडीवर बोट लावायला भाग पाडणारं ॲप बनवणाऱ्यांनाही तुम्ही नोटीस काढली पाहिजे. रस्ता दाखवण्यापुरता फोन वापरायला नियमाने ऑक्टोबर २०२०पासून मुभा आहे, पण चालकाचं लक्ष विचलित होणार नाही या अटीवर.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर कापते. आलेला मेसेज वाचायला पाच सेकंद धरा. तेवढ्यात ती ७० मीटर पुढे गेली, चालकाने रस्त्याकडे न बघता. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोबाईल वापरणाऱ्या चालकाच्या हातून अपघात होण्याची शक्यता सुमारे चौपट असते. कानात इअरफोन घातल्याने ती फारशी कमी होत नाही, कारण गुंतलेलं असतं ते डोकं.

आणि आता सरकारी आकडे पाहा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०१६ मध्ये देशात मोबाईलमुळे झालेल्या अपघातांत २,१३८ माणसं मेली. २०२१ मध्ये १,०४०. त्या वर्षी रस्त्यावर एकूण १,५३,९७२ मृत्यू झाले, म्हणजे मोबाईलचा वाटा शंभरात एकही नाही. पाच वर्षांत हाताहातांत स्मार्टफोन आले, डेटा स्वस्त झाला आणि मोबाईलचे बळी निम्मे झाले, यावर कोण विश्वास ठेवील? पंचनाम्यात रस्त्याची रुंदी येते, ब्रेकच्या खुणा येतात. त्या मिनिटाला चालक फोनवर होता का, हे तपासलंच नाही तर कारणाच्या रकान्यात ‘अतिवेग’ लिहून फाईल पुढे सरकते. २०२१ मधले १,०७,२३६ मृत्यू एकट्या अतिवेगाच्या नावावर आहेत. त्यांतले किती मोबाईलचे होते हे आता कधीच कळणार नाही. चूक करणारा सुटला आणि मेलेल्याच्या घरच्यांना खरं कारणही मिळालं नाही. हा अन्याय आहे, आणि तो तपासाच्या टेबलावर होतो.

यंत्रणा नाही असंही म्हणता येत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४पासून बसवलेले कॅमेरे चालकाच्या हातातला मोबाईलही टिपतात. तिथून शहरात शिरलं की माणूस मोकळा.

तेव्हा आमचं मागणं एवढंच आहे. पुण्यात प्राणांतिक अपघात झाला की चालकाच्या फोनची नोंद तपासणं सक्तीचं करा, मग तो कोणाचाही मुलगा असो. मोबाईलच्या प्रत्येक चलानात चालकाचा परवाना क्रमांक नोंदवा. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मोबाईलपायी पुण्यात किती परवाने तीन महिन्यांसाठी निलंबित झाले, तो आकडा जाहीर करा. आकडा शून्य असेल तर शून्य लिहा, पण तो दोघांच्याही सहीने लिहा.

एक पुणेकर