मुंग्या, खडू आणि आपण





माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. मराठी घरात शिकले, तेव्हा लिहिण्यात काही चुकले तर गोड मानून घ्यावे. विषय लहान आहे, मुंगीएवढा. पण गेल्या पावसाळ्यात या मुंगीने माझी झोप उडवली.

पाऊस सुरू झाला की वारुळात पाणी शिरते आणि मुंग्या कोरडी जागा शोधत भिंतीत येतात. आपली इमारत जुनी, चौकटींना फटी. बालवर्गातल्या एका मुलीच्या पायाला लाल मुंग्या इतक्या चावल्या की आईला बोलवावे लागले. दुसऱ्याच दिवशी आमच्यापैकी कोणीतरी चांगल्या हेतूने दाराशी मुंग्यांच्या खडूने रेघा ओढल्या आणि उरलेला तुकडा फळ्याखाली ठेवला. पहिलीतल्या एका मुलाने तोच उचलून पाटीवर ‘अ’ काढला. बाईंचे वेळीच लक्ष गेले, हात धुतले, काही झाले नाही. पण त्या खडूत डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनसारखे कीटकनाशक असते. शाळेत विष खडूच्या रूपात पडून राहावे, ही चूक माझी. मी ती मान्य करते.

आता विश्वस्त मंडळापुढे दरमहा फवारणीचे वार्षिक कंत्राट आहे. दर कमी आहे. तरीही माझे स्पष्ट मत आहे की ते या स्वरूपात करू नये.

कारण सोपे आहे. आपल्याला रांगेत दिसतात त्या अन्न शोधायला निघालेल्या थोड्याच मुंग्या. राणी, पिल्ले आणि बाकी सगळे कुटुंब आत असते. वरवर फवारले की रांग मरते, घर तसेच राहते. काही बारीक पिवळसर मुंग्यांचे तर असे आहे की फवारणीने त्यांचे एक घर फुटून अनेक घरे होतात. म्हणून जाणकार माणूस पंप उचलण्याआधी मुंगी कोणती, येते कुठून, खाते काय हे बघतो. मग गोड आमिषात बोरिक ॲसिडसारखे हळू काम करणारे औषध बंद डबीत ठेवतो. मुंग्या ते घरी नेऊन एकमेकींना भरवतात आणि ते राणीपर्यंत पोहोचते. याला दिवस लागतात. त्या जागी वरून फवारा मारला तर आमिषाला मुंगी तोंडच लावत नाही.

माझी विनंती अशी. ज्याच्याकडे कीटकनाशक कायद्याखालचा परवाना आहे त्यालाच बोलवावे. आधी पाहणी, मग दर. कोणते औषध, कुठे, कधी याची नोंद कार्यालयात राहावी. डब्यावरचा त्रिकोण पाहावा : लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. काम सुट्टीतच व्हावे आणि आमिषाच्या डब्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा बसवाव्यात. कंत्राटाच्या पैशांतून आधी गवंडी बोलवून फटी बुजवाव्यात.

बैठकीत एका आजोबांनी विचारले, “आम्ही मुंग्यांना साखर घालत आलो, आणि तुम्ही मारायचे शिकवता?” प्रश्न मला आवडला. माझे उत्तर असे की साखर झाडाखाली घालावी, वर्गात नाही. वर्गात अन्न सांडले नाही तर मारायची वेळही कमी येईल. अंगणात त्या खुशाल राहोत, तिथे त्या माती भुसभुशीत करतात.

आपले इंदूर 2017 साली स्वच्छतेत देशात पहिले आले आणि पुढेही वर्षानुवर्षे ते स्थान टिकवले. त्याच शहरातल्या आपल्या शाळेत मधल्या सुट्टीनंतर बाकांखाली शेव आणि जिलबीचा पाक सापडतो! पालकांनी घट्ट झाकणाचा डबा द्यावा. मुलांनो, सांडले ते लगेच उचला. रांग दिसली तर साबणाच्या पाण्याने पुसा, म्हणजे वाटेचा वास जातो आणि मागच्या मुंग्यांना वाट सापडत नाही. आणि मुंग्यांचा खडू कुठेही दिसला तर हात न लावता बाईंना सांगा.

औषध लागेल तेव्हा जरूर वापरू. पण आधी झाडू, मग गवंडी, शेवटी औषध. विश्वस्त मंडळाने याच क्रमाने निर्णय घ्यावा, ही विनंती.

आपली,
प्राचार्या