गप्प आंबा निर्दोष नसतो

मानकुराद कापला आणि कोयीतून भुंगा निघाला, की आंबेवालीचा उद्धार ठरलेला. मला हा अन्याय वाटतो. कोयकिड्याची अळी कोवळ्या फळात शिरते, मागचं भोक बुजतं. वरून कुणालाच कळत नाही. म्हणूनच २००७ साली अमेरिकेने आपला आंबा घेतला तो विकिरणाच्या अटीवर.

फळाला संवेदक लावून अळीचं कुरतडणं ऐकता येतं. त्यात नवल काय? सोंड्या भुंग्यासाठी माडाला कान लावणारे बागायतदार आहेतच. पण अंडं आणि कोष आवाज करत नाहीत. तेव्हा यंत्राने किडका ठरवलेला आंबा खुशाल बाजूला काढा, गप्प आंब्याला मात्र प्रमाणपत्र देऊ नका. त्यापेक्षा झाडाखालची फळं, कोयी वेचून नष्ट करा. आणि आंबेवालीला बोल लावू नका.