शर्यत थांबविण्याचा अधिकार

शिकागो या शहराचे नाव समाजवादी चळवळीतील कार्यकर्त्याच्या मनात १८८६ या सालाशी जोडलेले आहे. आठ तासांच्या दिवसासाठी १ मे रोजी तेथे झालेला संप, ४ मेच्या रात्री हेमार्केट चौकात झालेला बाँबस्फोट आणि पुढील वर्षी ११ नोव्हेंबरला फासावर चढविलेले चार पुढारी, हा इतिहास दरवर्षी मे दिनाच्या सभांतून सांगितला जातो. त्याच शहरात रविवार, ७ ऑक्टोबर २००७ रोजी जे घडले ते इतिहासात नोंदवावे एवढे मोठे नव्हते. ती एक मॅरेथॉन शर्यत होती आणि उन्हामुळे ती मध्येच थांबवावी लागली. परंतु मनुष्याचा देह, ऊन, पाणी आणि ‘थांबा’ असे म्हणण्याचा अधिकार यांचे परस्परसंबंध त्या एका सकाळी ज्या स्वच्छपणे दिसले, तसे ते अर्थशास्त्राच्या ग्रंथांतूनही क्वचितच दिसतात.

ऑक्टोबर हा शिकागोत थंडीची चाहूल देणारा महिना. या दिवसांत दुपारचे तापमान सहसा वीस अंशांच्या आतबाहेर असते, आणि ४२.१९५ किलोमीटर धावणाऱ्याला हवी असते ती अशीच हवा. त्या वर्षी मात्र सकाळी आठ वाजता शर्यत सुरू झाली तेव्हाच पारा बावीस-तेविसाच्या घरात होता आणि हवेत दमटपणा पुष्कळ होता. दुपारपर्यंत तो ३१ अंशांवर गेला. नागपूर-चंद्रपूरच्या वाचकाला ३१ अंशांचे हसू येईल. तथापि आपल्याकडेही ३१ अंशांत व दमट हवेत चार-पाच तास अखंड धावण्याचा प्रसंग कोणावर येत नाही, आणि ज्यांनी थंड हवेची सवय करून सराव केला त्यांच्यावर तर तो अचानकच आला होता. नोंदणी केलेल्या सुमारे ४५,००० लोकांपैकी सुमारे ३६,००० जण प्रत्यक्ष धावण्यास उभे राहिले. बाकीच्यांपैकी पुष्कळांनी हवामानाचा अंदाज ऐकून घरीच राहणे पसंत केले असावे, आणि त्यांचा निर्णय शहाणपणाचा ठरला. शर्यत सुरू होऊन साडेतीन तास उलटल्यावर संयोजकांनी ती थांबविल्याचे जाहीर केले. जे अर्ध्या अंतरापर्यंतही पोहोचले नव्हते त्यांना परत वळविण्यात आले. जे पुढे गेले होते त्यांना धावू नका, चालत या, असे सांगण्यात आले. अग्निशामक दलाने रस्त्यावरील नळ उघडून लोकांच्या अंगावर पाण्याचे फवारे सोडले. शेकडो लोकांना रुग्णवाहिकांतून न्यावे लागले. शेवटच्या रेषेपर्यंत सुमारे २५,००० जण पोहोचले. एका धावपटूचा मृत्यू झाला. शवचिकित्सेत त्याचे कारण हृदयाच्या झडपेचा जुना विकार असे निघाले, उष्माघात असे नव्हे. युक्तिवादाच्या सोयीसाठी ही गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

यानंतर जो वाद झाला तो पाण्यावरून. धावणाऱ्यांपैकी अनेकांची तक्रार अशी की सुरुवातीच्या टेबलांवर ते पोहोचले तेव्हा रिकामे पेले तेवढे उरले होते, पाणी नव्हते. संयोजकांचे म्हणणे असे की पाणी पुरेसे होते. वस्तुतः ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि येथेच ही घटना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे लक्ष वेधून घेते. दर माणशी दर टेबलावर अमुक पेले असा हिशेब केलेला असतो. ऊन चढले की माणूस एक पेला पितो आणि दुसरा डोक्यावर ओततो. पुढून येणाऱ्या लाटेने दुप्पट उचल केली की स्वयंसेवकांचा पेले भरण्याचा वेग अपुरा पडतो. पिंपात पाणी असते, पण टेबलावर नसते. मागचा माणूस पोहोचतो तेव्हा त्याच्या दृष्टीने पाणी संपलेले असते. रस्त्याकडेच्या रहिवाशांनी घरातून आणि दुकानातून पाणी आणून दिले म्हणून अनेकांचे निभावले.

अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दुष्काळविषयक ग्रंथात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे जे विश्लेषण केले, त्याचा गाभा असा की अन्न एकंदरीत किती आहे यापेक्षा ते कोणाच्या हाती पडू शकते हा प्रश्न महत्त्वाचा. लक्षावधी माणसे जेथे मेली त्या बंगालशी एका हौशी शर्यतीची तुलना करणे प्रमाणाबाहेरचे वाटेल, आणि परिणामांच्या दृष्टीने ते तसे आहेच. परंतु सरासरीवर भिस्त ठेवणाऱ्या नियोजनाचा दोष दोन्हीकडे एकाच जातीचा आहे. ‘एकूण साठा पुरेसा होता’ हे वाक्य अधिकाऱ्यांच्या तोंडी प्रत्येक टंचाईत येते. मराठवाड्यात टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला या वाक्याची ओळख करून देण्याची गरज नाही.

आणि मागे राहणारे कोण असतात? पुरुषांच्या शर्यतीत केनियाचा पॅट्रिक इवुटी आणि मोरोक्कोचा जाउआद गरिब या दोघांचीही वेळ २ तास ११ मिनिटे ११ सेकंद अशी नोंदली गेली आणि सेकंदाच्या विसाव्या भागाने इवुटी जिंकला. म्हणजे साडेदहा वाजण्याच्या आतच त्यांचे काम आटोपले होते. सर्वात कडक ऊन त्यांनी पाहिलेच नाही. जो शिक्षक, कारकून किंवा परिचारिका पाच-साडेपाच तासांत हे अंतर कापते, तिच्या वाट्याला दुप्पट वेळ आणि त्यातही उत्तरार्धातील ऊन येते. अशा मोठ्या शर्यतींत अव्वल धावपटूंच्या बाटल्या त्यांच्या नावानिशी वेगळ्या टेबलांवर मांडून ठेवलेल्या असतात. उन्हात सर्वात कमी वेळ राहणाऱ्याचे पाणी राखीव, आणि सर्वात जास्त वेळ राहणाऱ्याने मिळेल ते घ्यावे, अशी ही व्यवस्था. कोणाच्या दुष्टाव्याने ती झालेली नाही. स्पर्धेच्या तत्त्वावर चालणाऱ्या व्यवस्थेत ती आपोआप होते.

धावणारा देह जेवढी ऊर्जा जाळतो तिचा फार तर चौथा-पाचवा हिस्सा गतीसाठी उपयोगी पडतो. उरलेल्याची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम, आणि घाम वाळला तरच अंग निवते. हवा दमट असेल तर घाम नुसता निथळतो. म्हणून साध्या तापमापकावरून धोका कळत नाही. आर्द्रता, ऊन आणि वारा यांचा एकत्रित विचार करणारा निर्देशांक पाहावा लागतो. असा निर्देशांक अमेरिकी नौसैनिकांच्या प्रशिक्षण छावण्यांत रंगरूट कोसळू लागले तेव्हा १९५० च्या दशकात तयार करण्यात आला. लष्कराला आपल्या शिपायाची किंमत कळत होती. माणूस उन्हाने केव्हा कोसळतो हे ज्ञान तेव्हापासून उपलब्ध आहे; ते वापरायचे कोणासाठी, एवढाच प्रश्न उरतो.

शर्यत थांबविल्याबद्दल पुष्कळ धावपटू संतापले. सहा-सहा महिने सराव केला, प्रवेशशुल्क भरले, आता धोका पत्करायचा की नाही हे ठरविणारे तुम्ही कोण, असा त्यांचा सवाल होता. व्यक्तिस्वातंत्र्याचा हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आणि धावणे हा केवळ सुखवस्तूंचा छंद आहे असे समजून त्याकडे तुच्छतेने पाहणेही बरे नव्हे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावताना उन्हाने कोसळून दुसऱ्या दिवशी मरण पावलेला पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो हा व्यवसायाने सुतार होता. परंतु हजारो लोक एकाच रस्त्यावर धावत असताना धोका खाजगी राहत नाही. रुग्णवाहिका आणि डॉक्टर मोजके असतात, आणि त्या शहरात त्या दिवशी इतरही आजारी माणसे असतात. शर्यत थांबविली हे योग्यच झाले. चूक झाली ती आधी: गरमीचा अंदाज काही दिवस अगोदर मिळूनही नेहमीच्याच वेळी, नेहमीच्याच रचनेत शर्यत सुरू करण्यात. त्यानंतर संयोजकांनी पाण्याची व्यवस्था वाढविली आणि हिरवा, पिवळा, तांबडा व काळा अशा चार रंगांच्या निशाणांची पद्धत सुरू केली. काळे निशाण लागले की शर्यत बंद. ही सुधारणा चांगली आहे आणि तिचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

पण शिकागोला ऊन काही २००७ सालीच प्रथम भेटले नव्हते. त्याच्या बारा वर्षे आधी, १९९५ च्या जुलैत, त्या शहराचे तापमान ४१ अंशांवर गेले आणि एका आठवड्यात नेहमीपेक्षा ७३९ माणसे अधिक मेली. शवागार अपुरे पडले म्हणून शीतवाहक ट्रक आणून उभे करावे लागले. महापौरांनी आरंभी मृतांच्या आकड्यांवरच शंका घेतली. मेलेल्यांत म्हातारी, एकटी राहणारी, गरीब माणसे फार होती. चोरीच्या भीतीने त्यांनी खिडक्या बंद ठेवल्या होत्या आणि विजेच्या बिलाच्या धास्तीने यंत्रे. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने या आपत्तीवर २००२ साली ग्रंथ लिहिला. त्यात शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांची तुलना आहे. कारखाने उठून गेलेल्या, दुकाने बंद पडलेल्या, ओस झालेल्या कृष्णवर्णीयांच्या नॉर्थ लॉन्डेल वस्तीतील मृत्यूचे प्रमाण, रस्ते गजबजलेले असणाऱ्या लॅटिन अमेरिकी लोकांच्या साउथ लॉन्डेल वस्तीच्या जवळजवळ दहापट होते. दारिद्र्य दोन्हीकडे होते. एकीकडे हाक मारायला शेजार होता, दुसरीकडे तो उरला नव्हता. बेवारस ठरलेल्या अनेकांना एकाच लांब चरात पुरण्यात आले. या लोकांसाठी कोणी काळे निशाण लावलेले नव्हते.

कष्टकऱ्यांची गोष्ट याहून पुढची. टेक्सास राज्यातील ऑस्टिन व डॅलस या शहरांनी बांधकाम मजुरांना दर चार तासांमागे दहा मिनिटांची विश्रांती देण्याचे नियम केले होते. दहा मिनिटे, पाणी पिण्यासाठी. २०२३ साली त्या राज्याच्या विधिमंडळाने शहरांचे असे अधिकारच काढून घेणारा कायदा केला, आणि २०२४ साली फ्लोरिडाने कामगारांना उन्हापासून संरक्षण देणारे स्थानिक नियम करण्यास मनाई केली. ज्या देशात हौसेने धावणाऱ्याला उन्हात थांबविले जाते, त्याच देशात मजुराला थांबू देण्याचा नियम करणे बेकायदा ठरू शकते. उलट कतारसारख्या राजेशाहीने २०२१ साली उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावरचे काम बंद ठेवण्याचा आणि निर्देशांक ३२.१ च्या वर गेला की ते केव्हाही थांबविण्याचा नियम केला. विश्वचषकाच्या निमित्ताने साऱ्या जगाचे डोळे तेथे लागले नसते तर तो झाला असता काय, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

महाराष्ट्रातील ऊसतोडणी कामगार टनाच्या भावाने काम करतो. आधी घेतलेली उचल फेडायची असते आणि एक दिवस चुकला तर ‘खाडा’ म्हणून दंड बसतो. हंगाम लांबून मार्च-एप्रिलपर्यंत गेला की त्या उन्हात ‘आज थांबतो’ असे म्हणण्याचे स्वातंत्र्य त्याला कोणत्याही घटनेने नाकारलेले नाही. पण मजुरीच्या पद्धतीने ते नाकारलेले आहे. वेगानुसार पैसे मिळण्याच्या पद्धतीत माणूस स्वतःच स्वतःचा मुकादम होतो. म्हणून दुपारी काम बंद ठेवा असा नुसता फतवा काढून भागत नाही. त्या तासांची मजुरी कोण देणार हे ठरले नाही, तर ती सक्तीची बेकारी होते आणि मजूर पहाटे तीनला उठून किंवा रात्री बॅटरीच्या उजेडात तेच काम पुरे करतो.

चळवळीतील मंडळींनीही या बाबतीत स्वतःकडे पाहण्यास हरकत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे राज्य शासनाच्या पुरस्कार-समारंभाला आलेल्या, उघड्या मैदानावर बसलेल्या श्रोत्यांपैकी १४ जण उन्हाचा त्रास होऊन मृत्युमुखी पडले. त्यावर शासनाला जाब विचारला गेला, तो योग्यच. परंतु मे महिन्यात दुपारी बाराची वेळ देऊन दोन वाजता सुरू होणाऱ्या सभा कोणत्या पक्षाने घेतल्या नाहीत? व्यासपीठावर कापड ताणलेले आणि वाडी-वस्तीवरून आलेल्या बाया उन्हात, हे दृश्य कोणत्या झेंड्याखाली दिसले नाही? मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या शेतकऱ्यांच्या पायांची सालटी निघाली होती. परीक्षेला जाणाऱ्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून ते शेवटची मजल रात्रीतून चालले. लोकांची काळजी घेण्याची रीत त्यांना कोणी शिकवावी लागली नाही.

मार्ग कोणत्या दिशेने निघू शकेल याची एक खूण ‘सेवा’ या असंघटित स्त्री-कामगारांच्या संघटनेने दाखविली आहे. तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे काही दिवस टिकले की सभासद स्त्रियांच्या खात्यात रोख रक्कम जमा करणारी विमायोजना तिने २०२३ पासून राबविली. विमा हा कायद्याने मिळालेल्या हक्काची जागा घेऊ शकत नाही, आणि त्याच्या हप्त्याचा भार शेवटी कोणी उचलावा हा प्रश्न उरतोच. तो मालकाने व शासनाने उचलावा अशी मागणी युनियनांनी आतापासून लावून धरावयास हवी. मात्र त्या योजनेत एक गोष्ट पक्की आहे. रक्कम केव्हा मिळायची हे ठरविणारा आकडा तापमानाच्या नोंदीतून येतो. त्यासाठी मुकादमाला विचारावे लागत नाही.