फ्लॉपी विरण्याआधी

कमोडोर कंपनीने १९८५ साली ‘अमिगा’ हा घरगुती संगणक आणला. चित्रे आणि आवाज या दोन्ही बाबतींत तो त्या काळी बराच पुढे होता. युरोपातल्या एका पिढीने त्यावर खेळ खेळले, काहींनी प्रोग्रॅमिंगचे पहिले धडेही त्यावरच गिरवले. १९९४मध्ये कंपनी बुडाली. खेळ मात्र ८८० किलोबाइटच्या फ्लॉपींवर मागे राहिले, आणि त्या फ्लॉपी आता म्हाताऱ्या झाल्या आहेत.

फ्लॉपी म्हणजे चुंबकीय लेप दिलेली प्लास्टिकची पातळ चकती. दमट हवेत तिला बुरशी लागते, लेप सुटतो, नोंदी पुसट होतात. त्यातून अमिगाची माहिती मांडण्याची पद्धत निराळी. पीसीच्या साध्या ड्राइव्हला ती वाचता येत नाही. म्हणून छंदिष्ट मंडळी खास उपकरण लावून फ्लॉपीची प्रत उतरवून घेतात आणि ती ‘इम्युलेटर’वर चालवतात. जुन्या संगणकाचे सोंग हुबेहूब वठवणारा हा प्रोग्रॅम असतो.

तरीही फ्लॉपी बदलण्याचा त्रास उरतोच. ‘मंकी आयलंड २’ या एकाच खेळाला ११ फ्लॉपी लागत! यावर उपाय आभासी हार्ड डिस्कचा. आपल्या संगणकावरची एक मोठी फाइल इम्युलेटर अमिगाची हार्ड डिस्क म्हणून वापरतो आणि तिच्यात कितीतरी खेळ मावतात. पण अनेक खेळ कार्यप्रणालीला बगल देऊन थेट फ्लॉपी ड्राइव्हशीच बोलत. ते हार्ड डिस्कवर नुसते उतरवून चालत नाहीत. ‘डब्ल्यूएचडीलोड’ हा प्रोग्रॅम खेळातला फ्लॉपी वाचणारा भाग बदलून ही अडचण दूर करतो. त्यासाठी जाणकारांना एकेका खेळाचा अभ्यास करावा लागला आणि हे काम बहुतांशी हौसेने झाले.

हौसेवर वारसा किती काळ टिकणार? अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन’च्या २०२३च्या अभ्यासानुसार तिथले ८७ टक्के जुने खेळ आज विकत मिळतच नाहीत. तरीही ते संशोधकांना दुरून वापरू देण्याची ग्रंथालयांची मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४मध्ये फेटाळली. हक्कमालकांची बाजू आहेच. चालू बाजारातल्या खेळांची चोरी कोणीच समर्थनीय मानणार नाही. पण जो खेळ कोणी विकतच नाही, तो अभ्यासकालाही बंद ठेवून कोणाचे भले होते?

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी डिजिटल साठवणीची मुभा मिळाली. पण ग्रंथालयाकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत असेल तरच. म्हणजे पुस्तकाला ती लागू, जन्मानेच डिजिटल असलेल्या कृतीला नाही. ही फट बुजवायला हवी.

प्रश्न केवळ खेळांचा नाही. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले मराठी प्रबंध, स्मरणिका आणि दिवाळी अंक कितीतरी कपाटांत फ्लॉपींवर पडून असतील. ती फाइल आज उघडली, तरी मूळ फॉन्टवाचून अक्षरांऐवजी चिन्हांचा गोंधळच दिसतो. फ्लॉपीची प्रत, तो फॉन्ट आणि तो चालवणारी प्रणाली ही तिन्ही एकत्र जपली, तरच मजकूर वाचता येईल. अमिगाच्या चाहत्यांनी वाट दाखवली आहे. आपल्या ग्रंथालयांनी आणि विद्यापीठांनी ती धरायला उशीर करू नये. लेप एकदा सुटला, की कोणताही इम्युलेटर कामाचा नाही.