तांबड्या गाईचा काळा-पांढरा दाखला

परवा रात्री आप्पांचा फोन आला. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. आमचं गाव जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. मी नोकरीमुळे साताऱ्यात, पण गोठ्यात काय चाललंय ते मला फोनवर कळत असतं.

"आरं, पलीकडच्या बाजारातनं दोन गाई आणतोय. दाखल्याची काळजी नको म्हणतोय हेडी. त्याच्याकडं सही केलेला कागूद तयारच असतोय."

"आप्पा, २०२२ साल विसरलात काय?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "तू लै शिकलाईस," आणि फोन बंद!

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय, म्हणून लिहितोय. नात्यातली बरीच मंडळी हे वाचतात, त्यातल्या काहींना राग येईल. येऊ दे.

तर २०२२ साली झालं होतं असं. ऑगस्ट संपता संपता आप्पांनी अशाच दोन संकरित गाई पलीकडून आणल्या. टेम्पोबरोबर डॉक्टरचा दाखला आला. मी तेव्हा गावातच होतो, सहज वाचला. 'दोन गाई, रंग काळा-पांढरा, वय ४ वर्षे.' समोर टेम्पोतून उतरत होती एक काळी-पांढरी आणि एक चक्क तांबडी! आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा हसलो, हे आधी कबूल करतो. आप्पा म्हणाले, "वाटेत कुणी आडवलं नाही न्हवं? मग झालं."

बाराव्या दिवशी तांबडीच्या अंगावर गाठी उठल्या. लम्पी. दोन्ही गाई औषधपाणी करून वाचल्या, पण शेजारच्या तात्यांचा खिलार बैल गेला. आपल्या आणि त्यांच्या गोठ्यात एक कूड, पाण्याचा हौद सामाईक. सरकारने मदत जाहीर केली होती, दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. पण घरात जन्मलेल्या, हाताने वाढवलेल्या बैलाची किंमत तात्या कुठल्या रकान्यात लिहिणार? तात्या आणि आप्पा तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत. भावकीतलं लग्न असलं तरी एक जण पहिल्या पंगतीला, दुसरा शेवटच्या.

आता न्यायाने बोलायचं तर तांबडीनेच रोग आणला हे मी सिद्ध करू शकत नाही. लम्पी माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो, आणि त्या महिन्यात तो राज्यभर पसरतच होता. सप्टेंबरमध्ये अख्खं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, जनावरांचे बाजार बंद झाले. पण माझा मुद्दा वेगळाच आहे. ती गाय निघाली तेव्हा निरोगी होती का, या एका प्रश्नाचं उत्तर देण्यासाठीच तो कागद असतो. आणि ज्या कागदाला गाईचा रंगसुद्धा माहीत नाही, तो तिच्या तब्येतीचं काय सांगणार!

हा दाखला आला कुठून? जनावरांच्या वाहतुकीचे केंद्राचे नियम १९७८ सालचे. डॉक्टरने द्यायच्या दाखल्याचा नमुना त्यांना जोडलेला आहे. त्यात डॉक्टर लिहून देतो की जनावर निघण्याआधी १२ तासांच्या आत मी स्वतः तपासलं, ते प्रवासाला धड आहे, संसर्गजन्य रोगाची लक्षणं नाहीत, लस टोचलेली आहे. दाखला नसेल तर वाहतूकदाराने जनावर घ्यायचंच नाही. वाचायला किती सुंदर!

गंमत म्हणजे त्या नमुन्यात लस म्हणून नाव घेतलंय ते बुळकांडीचं. आमच्या आजोबांच्या पिढीला या रोगाच्या नुसत्या नावाने घाम फुटायचा. पण भारत २००६ साली बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली तर हा रोग अख्ख्या जगातून संपल्याचं जाहीर झालं. म्हणजे मेलेल्या रोगाचं नाव छापील, आणि लाळ्या-खुरकूत, लम्पी हे जिवंत शत्रू मात्र 'इतर रोग' या दोन शब्दांत कोंबलेले!

पण नमुना जुना आहे म्हणून मी चिडलेलो नाही. नमुना बदलता येतो. मी चिडलोय तो न बघता केलेल्या सहीवर. आणि ती घेणाऱ्या आपल्यावर.

"अहो, शेतकऱ्याची सोय बघा की!" हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय. सोय कुणाची? हेड्याची. त्याचा टेम्पो थांबत नाही. गाय घेणाऱ्याची तर मुळीच नाही, कारण पैसे मोजून तो रोग घरी आणतो. आणि शेजाऱ्याने तर काहीच घेतलेलं नसतं, तरी बैल त्याचा जातो. न बघता सही करणारा डॉक्टर उपकार करत नाही, तो तात्यांच्या दावणीतून उचलून देत असतो.

आता दुसरी बाजू, नाहीतर साताऱ्याकडची मंडळी मला सोडणार नाहीत. आमचे मेव्हणे माण तालुक्यात खिलार सांभाळतात. गेल्या वर्षी त्यांनी एक खोंड कर्नाटकातल्या गिऱ्हाइकाला विकला. माणूस सरळ. दाखला रीतसर काढायचा म्हणून खोंड घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर लसीकरणाला दुसऱ्या गावी. दुसऱ्या दिवशी बैठकीला. तिसऱ्या दिवशी भेटले, पण तोवर गिऱ्हाईक भाड्याचा टेम्पो उभा ठेवून कंटाळलं आणि निघून गेलं. मेव्हणे मला म्हणाले, "दाजी, खोटा दाखला अर्ध्या तासात मिळत होता. खऱ्याच्या नादी लागलो, हेच चुकलं."

या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. एकाच डॉक्टरने उपचार करायचे, लसी टोचायच्या, टॅग मारायचे, बैठका करायच्या, वर बाजाराच्या दिवशी शेकडो जनावरं तपासायची, तर तो सही तेवढी करणार हे उघड आहे. मी त्याला दोष देतो, पण सगळा त्याच्या माथी मारत नाही.

आणि रस्त्यावर? गाडी अडवणारे कागद मागतात. गणवेशातले मागतात, बिनगणवेशातलेही मागतात. पण कागदावरचा बिल्ल्याचा नंबर जनावराच्या कानाशी ताडून बघताना किंवा त्याच्या तोंडात फोड आहे का ते बघताना मी आजवर कुणाला पाहिलेलं नाही. कागद असला की आजारी गाय पुढे जाते, नसला की निरोगी बैल उन्हात उभा राहतो.

एक गोष्ट मान्य करायलाच हवी. खरा दाखलासुद्धा सगळं पकडू शकत नाही. लाळ्या-खुरकूताची लक्षणं दिसायला साधारण २ ते १४ दिवस जातात, लम्पीला कधी कधी चार आठवडे. डॉक्टरने प्रामाणिकपणे तपासलेली गायही पोटात रोग घेऊन येऊ शकते. इंग्लंडमध्ये २००१ साली हेच झालं. लाळ्या-खुरकूत ध्यानात येण्याआधीच मेंढ्यांच्या बाजारांतून देशभर गेला होता, आणि शेवटी ६० लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. त्यानंतर तिथे नियम आला, शेतावर नवीन जनावर आणलं की ६ दिवस तिथली गुरं-मेंढ्या बाहेर हलवायच्या नाहीत. म्हणजे कागदावर भागलं नाही, थांबावं लागलं.

मग करायचं काय? दाखला रद्द करा म्हणणारे आहेत, मी त्यांच्यातला नाही. माझं म्हणणं साधं आहे. जिथे बाजार भरतो तिथे, त्याच दिवशी, तपासणीसाठी वेगळा डॉक्टर बसवा. दाखल्यावर कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर लिहिल्याशिवाय तो दाखला धरूच नका. १ जून २०२४ पासून आपल्या राज्यात बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीला आणि वाहतुकीला बंदी आहेच, मग तो नंबर निदान वापरा तरी. २००९ च्या साथरोगांच्या कायद्यात तपासणी नाके आणि विलगीकरण छावण्या यांची तरतूद आहे. हद्दीवर त्या खरोखर उभ्या करा, आणि नाक्यावर जनावर बघणारा माणूस ठेवा. नुसता कागद वाचायला कुणीही चालतो.

हे सरकारचं झालं. पण सरकार करेल तेव्हा करेल. हेड्याच्या खिशातला कोरा कागद न घेणं आपल्या हातात आजच आहे, आणि तेच आपण करत नाही. 'सगळेच घेतात' म्हणून घेतो. मी त्या दिवशी तांबड्या गाईकडे बघून हसलो, तो त्यातलाच प्रकार होता.

असो. आप्पा, पोरं हे तुम्हाला वाचून दाखवतीलच, म्हणून इथेच सांगतो. गाई आणा, माझी ना नाही. पण डॉक्टरला बाजारात नेऊन समोर तपासून घ्या, त्याची फी मी देतो. गावात आल्यावर २८ दिवस त्यांना विहिरीजवळच्या जुन्या छपरात बांधा, हौदावर आणू नका. वैरणीचे पैसे मी पाठवतो.

आणि गाई छपरात बांधायच्या आधी एकदा तात्यांच्या दारात जाऊन त्यांना तसं सांगून या. तुमच्याबरोबर यायला मी रविवारी गावी येतोय.