ऑस्ट्रेलियाला निघण्यापूर्वी

व्यापारी घराण्यात माल परगावी धाडताना जितकी काटेकोर तयारी होते, तितकी माणसांच्या प्रवासाची क्वचितच होते. मुलगा सिडनीत स्थिरावतो, मेलबर्नच्या सुनेला दिवस जातात किंवा तेथील एखाद्या घाऊक व्यापाऱ्याशी बोलणी ठरतात. मग तिकिटे आधी निघतात आणि विचार मागाहून सुरू होतो. ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत हा क्रम बदललेला बरा. कागद, अन्न आणि बोली या तिन्ही बाबतींत त्या देशाची रीत निराळी आहे.

प्रथम व्हिसा. भारतीय पासपोर्टधारकांना भेटीसाठी साधारणतः ६०० क्रमांकाच्या वर्गातील व्हिसा घ्यावा लागतो. पर्यटन आणि व्यापारी भेट या त्याच्या वेगळ्या शाखा आहेत. अर्ज ऑनलाइन होतो आणि पासपोर्टवर काहीही चिकटवले जात नाही. मंजुरीचे पत्र हाच आधार. ते पत्र करारनाम्याइतक्या बारकाईने वाचावे. व्हिसाची मुदत वर्षाची असली, तरी प्रत्येक प्रवेशानंतर राहण्याची मर्यादा तीनच महिन्यांची असू शकते. या दोहोंत गल्लत झाली, तर मुक्काम बेकायदा ठरतो.

पत्रातील अटींमध्ये ८१०१ हा क्रमांक असल्यास काम करण्यास मनाई असते. उभा जन्म गादीवर काढलेल्या वडिलांना मुलाच्या दुकानी स्वस्थ बसवत नाही. हौसेने ते गल्ला सांभाळू लागतात. घरच्या माणसाने केलेली ही मदत कायद्याच्या नजरेत काम ठरू शकते. व्यापारी भेटीच्या शाखेत चौकशी, वाटाघाटी आणि करारावर सही करता येते. मात्र थेट गिऱ्हाइकांना माल विकता येत नाही.

अर्जासोबत आयकर विवरणपत्रे, जीएसटी नोंदणी आणि बँकेचे नियमित उतारे जोडावेत. परत येण्यास घर आणि धंदा आहे, हे त्यांवरून सहज दिसले पाहिजे. ‘खात्यात चार दिवस रक्कम फिरवून देतो’ असे सांगणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे. खोटी माहिती वा बनावट कागद आढळल्यास तीन वर्षांपर्यंत पुढील व्हिसे नाकारले जाऊ शकतात. पंचाहत्तरी गाठलेल्या वडीलधाऱ्यांना वैद्यकीय तपासणी करावी लागते. तेथील सरकारी आरोग्यसेवेचा लाभ भारतीय पाहुण्यांना मिळत नसल्याने प्रवास विमा अवश्य घ्यावा.

खरी कसोटी लागते ती डब्याची. जैन घरातून निघणारी बॅग खाकऱ्याशिवाय भरत नाही. पण ऑस्ट्रेलियात रोगकिडींविषयीचे नियम अत्यंत कडक आहेत. १८७२ नंतर तेथील गुरांमध्ये लाळ्या-खुरकतीची साथ आलेली नाही. म्हणून भारतातून नेलेले पेढे, बर्फी अशा दुधाच्या मिठाया तेथे चालत नाहीत. ताजी फळे आणि कढीपत्ताही नेऊ नये. धान्याच्या व्यापाऱ्यांना खपरा भुंगेऱ्याची ओळख करून देण्याची गरज नाही. त्याच्याच धास्तीने तांदूळ, हरभरा, मूग, मसूर, जिरे, धणे, बडीशेप आणि वाळलेली मिरची सामानातून नेण्यास मनाई आहे. हे जिन्नस तेथील भारतीय दुकानांत मिळतात, त्यामुळे अडत काहीच नाही. कारखान्यात भाजून बंद केलेली, लेबल असलेली पाकिटे तुलनेने सोयीची. सामायिकाचे लोकरीचे कटासणे, चरवळा, लाकडी माळ या वस्तूही दाखवाव्या लागतात.

उतरण्यापूर्वी जो प्रवासी तक्ता भरावा लागतो, त्यात अन्नाच्या प्रश्नापुढे निःशंकपणे ‘हो’ लिहावे. नोंदवलेली वस्तू अधिकारी पाहतात. चालत असेल तर परत देतात, नसेल तर ठेवून घेतात. नोंदवल्याबद्दल दंड होत नाही. लपवल्यास मात्र मोठा दंड होतो, आणि २०१९ पासून त्याच कारणाने पाहुण्याचा व्हिसाही रद्द होऊ शकतो. आजीने बांधून दिलेल्या बर्फीच्या चार वड्यांपायी नातवाची भेट विमानतळावरूनच हुकावी, यासारखे दुःख नाही. दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलर वा त्याहून अधिक रोकड असेल, तर तीही नोंदवावी लागते.

चौविहार पाळणाऱ्यांनी ऋतू उलटे असतात हे ध्यानी ठेवावे. जूनमध्ये सिडनीत सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, तर मेलबर्नला तो उगवतोच सकाळी साडेसातनंतर. नवकारशीस सव्वाआठ उलटतात. डिसेंबरात मेलबर्नला सूर्यास्त साडेआठनंतर होतो. येथील पंचांगाच्या वेळा तेथे चालत नाहीत. बाजारात ‘व्हेजिटेरियन’ लिहिलेल्या पदार्थात अंडे असू शकते. ‘व्हीगन’मध्ये ते नसते, पण कांदा, लसूण, बटाटा असू शकतो. लेबलवर १२० हा आकडा दिसल्यास तो किड्यांपासून केलेला लाल रंग समजावा. ९०४ म्हणजे लाख. ४७१ वनस्पतिजन्य असतो तसा प्राणिजन्यही, म्हणून विचारून घ्यावे.

आता बोलीविषयी. भाषा इंग्रजीच, पण शब्दांनी वेगळे वळण घेतलेले. ‘आर्व्हो’ म्हणजे दुपार, ‘ब्रेकी’ म्हणजे न्याहारी, ‘सर्व्हो’ म्हणजे पेट्रोल पंप. ‘हाऊ या गोइंग?’ या प्रश्नात केवळ कुशल विचारलेले असते. त्यावर ‘ट्रामने’ असे उत्तर देऊ नये. ‘थाँग्ज’ म्हणजे साध्या रबरी चपला. ‘याह, नाह’ याचा अर्थ बहुधा नकार. सौदा ठरल्याच्या आनंदात पुढचा ‘याह’ तेवढा ऐकू नये. ‘माय शाऊट’ म्हणजे या फेरीचे पैसे मी देतो. पुढची फेरी दुसऱ्याने देण्याचा तेथे अलिखित संकेत आहे.

जेवणाच्या शब्दांत अधिक सावध राहावे. ‘टी’ला बोलावणे म्हणजे अनेक घरांत चहा नव्हे, संध्याकाळचे जेवण, वेळ आधीच विचारावी आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम स्पष्ट सांगावा. ‘ब्रिंग अ प्लेट’ याचा अर्थ रिकामी ताटली नव्हे, तर सर्वांसाठी एक पदार्थ करून आणणे. ही तर पर्वणीच. खमण वा कच्च्या केळ्यांची भाजी नेली म्हणजे आपल्या नियमात बसणारा एक पदार्थ तरी टेबलावर निश्चित असतो. ‘बार्बी’ म्हणजे उघड्यावर भाजून खाण्याचा बेत. तेथे एकाच तव्यावर मांसही भाजले जाते, म्हणून आपला डबा सोबत असावा. नम्रपणे नकार दिल्यास यजमान बहुधा ‘नो वरीज’ म्हणतात आणि विषय तेथेच संपतो.

तिकीट काढण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून मंजुरीपत्र वाचावे, मुक्कामाची शेवटची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहावी आणि बॅगेतील खाद्यपदार्थांची यादी करून ती पासपोर्टसोबत ठेवावी. तक्ता भरताना वयस्कर माणसांची धांदल उडते. ती यादी हाती असली, की काहीही आठवत बसावे लागत नाही.